इंग्रजीचे ‘लाँग व्हॉवेल’ आणि आपले ऱ्हस्व-दीर्घ

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात शाळा उघडल्या की फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीच्या, शिकवण्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रातून घरोघर पोहोचतात आणि पालकांच्या बोलण्यात ‘शॉर्ट व्हॉवेल’, ‘लाँग व्हॉवेल’, ‘मॅजिक ई’ असे शब्द येऊ लागतात. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवले जाई. २००० सालापासून ते पहिलीपासून आले. त्यामुळे इंग्रजी स्वरांशी मुलाची गाठ आता मराठीची बाराखडी पक्की होण्याआधीच पडते. हा बदल चांगला की वाईट या वादात मला शिरायचे नाही. मात्र इंग्रजी शब्दांतील लहान-मोठे स्वर ओळखायला आपण ज्या रीतीने शिकवतो, तिच्यात एक मूलभूत घोटाळा आहे, असे मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना मला सतत जाणवत आले आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

घोटाळा असा, की ‘शॉर्ट’ म्हणजे ऱ्हस्व आणि ‘लाँग’ म्हणजे दीर्घ असे आपण सांगून मोकळे होतो. ‘लाँग ए म्हणजे आ’ अशी मांडणी केलेल्या पुस्तिकाही माझ्या पाहण्यात आल्या आहेत. प्रत्यक्षात फोनिक्समध्ये लाँग म्हणजे अक्षराने स्वतःचे नाव उच्चारणे. सी-ए-पी हा शब्द कॅप. त्याच्या शेवटी मुका ई, म्हणजेच ‘मॅजिक ई’, आला की केप. पेटचा पीट होतो, किटचा काइट, हॉपचा होप आणि कबचा क्यूब. कानाला लावून पाहिले तर यातली एकही जोडी आपल्या अर्थाने ऱ्हस्व-दीर्घाची नाही. कॅपमधला स्वर कितीही लांबवला तरी केप होत नाही आणि किटमधला कितीही ताणला तरी काइट होत नाही. लाँग म्हणवल्या जाणाऱ्या पाच स्वरांपैकी केप, काइट आणि होप यांतले तीन तर एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणारे आहेत. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ते दीर्घापेक्षा संयुक्त स्वरांच्या अधिक जवळचे आहेत. मराठी मुलाच्या हाती मात्र ‘दीर्घ’ हा शब्द दिलेला असतो, म्हणून ते सी-ए-पी-ई समोर आल्यावर प्रामाणिकपणे ‘काप’ वाचते. चूक त्याची नसते.

मग इंग्रजांनी तरी या स्वरांना लाँग का म्हटले? कारण एके काळी ते खरोखर लांबच होते. इंग्रज कवी चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, आज आपण ‘नेम’ म्हणतो तो शब्द साधारण ‘नामअ’ असा दोन तुकड्यांत उच्चारला जाई आणि शेवटचा ई मुका नव्हता. ‘टाइम’चा उच्चार ‘टीमअ’च्या जवळचा होता, ‘हाउस’चा ‘हूस’. पुढे सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील सगळे दीर्घ स्वर तोंडातल्या आपापल्या जागा सोडून वर सरकले, आणि जे आधीच सर्वांत वर होते ते फुटून संयुक्त झाले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असे नाव दिले. ऱ्हस्व स्वर बहुतांशी जागच्या जागी राहिले. याच काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना घातला आणि शब्दांची अक्षरे हळूहळू गोठू लागली. उच्चार पुढे गेले, लेखन मागे राहिले. शेवटचा ई जिभेवरून नाहीसा झाला, तरी कागदावर राहिला आणि आधीचा स्वर पूर्वी लांब होता एवढेच सांगण्याचे काम करू लागला. मुलांना सांगितली जाणारी ‘जादू’ ती हीच. सातवी-आठवीच्या मुलांना हा इतिहास चार वाक्यांत सांगता येतो आणि तो ऐकला की इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ वेडेपणा आहे ही त्यांची समजूत बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

तथापि, खरी अडचण ज्या जोड्या वरकरणी आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारख्या दिसतात तिथे आहे. सिट आणि सीट, फिल आणि फील, चिप आणि चीप, लिव्ह आणि लीव्ह, पुल आणि पूल या जोड्या देवनागरीत नेमक्या लिहिता येतात. मग मराठी मुलाला त्या सहज का येऊ नयेत? उत्तर आपल्या स्वतःच्या भाषेत आहे. मराठीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घत्व आता बव्हंशी अर्थावर नव्हे, तर शब्दातील जागेवर ठरते. अकारान्त शब्दाच्या उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, जागी आपण स्वर लांबवतो: मीठ, पीठ, वीट, दूध, भूक. त्यालाच प्रत्यय लागून पुढे आणखी अक्षर आले की तोच स्वर आखूड होतो: मिठाचा, पिठाचा, विटेचा, दुधाचा, भुकेला. शब्दाच्या शेवटी इ-उ आले की ते दीर्घ, म्हणून कवी आणि गुरू. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी हीच बोलण्यातली प्रवृत्ती लेखनात आणली. संस्कृतातून आलेल्या दिन आणि दीन, शिर आणि शीर अशा जोड्या शाळेत पाठ कराव्या लागतात. पण बोलताना त्यांतील फरक किती जण पाळतात, हे ज्याचे त्याने ऐकून पाहावे. म्हणजे मराठी मुलाच्या लेखी ऱ्हस्व-दीर्घ ही कानाची बाब उरलेलीच नाही. ती श्रुतलेखनात गुण कापले जाण्याची, पहिली की दुसरी वेलांटी याची, हाताची बाब आहे.

हाच मुलगा इंग्रजी बोलू लागला की मराठीची सवय बरोबर घेऊन येतो. शब्द एका अक्षराचा आणि शेवट व्यंजनाचा असेल तर तो स्वर लांबवतो, म्हणून शिपचे शीप होते, स्लिपचे स्लीप आणि किटचे कीट. उलट पुढे आणखी एक अक्षर आले की तो मिठाच्या न्यायाने स्वर आखूड करतो, म्हणून मीटिंगचे मिटिंग, रीडिंगचे रिडिंग आणि फीलिंगचे फिलिंग होते. एकीकडे सिट आणि सीट दोन्ही ‘सीट’, तर दुसरीकडे सिटिंग आणि सीटिंग दोन्ही ‘सिटिंग’! ज्या शिक्षकाला ही दुहेरी सवय माहीत नसते तो मुलाला एकदा ‘लांबव’ आणि एकदा ‘आखूड कर’ असे सांगत राहतो आणि मूल गोंधळते. ज्याला ती माहीत असते तो मीठ आणि मिठाचा हे दोन शब्द फळ्यावर लिहून, मराठीत आपण काय करतो ते आधी दाखवू शकतो आणि मग इंग्रजीत तसे चालत नाही, तिथे सिट बदलून सिटिंग झाले तरी स्वर जसाच्या तसा राहतो, हे पटवू शकतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुकानदार ‘लाईट बील’ लिहितो किंवा कार्यालयाच्या फलकावर ‘मिटिंग हॉल’ असे रंगवलेले असते, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. फारसी-अरबीतून आलेले वकील आणि गरीब हे शब्द आपण जसे मराठीच्या वळणाने लिहिले तसाच हाही प्रकार आहे, आणि ‘बील’ लिहिणारा नकळत मराठीचा नियमच पाळत असतो. जुन्या चित्रपटगृहांबाहेर लागणारी ‘हाऊसफुल्ल’ ही पाटी तर मला भाषाशास्त्राचा उत्तम धडा वाटते. मूळ शब्दातला उकार आखूड आहे, पण नुसते ‘फुल’ लिहिले तर मराठी वाचक ते ‘फूल’ असे वाचणार. म्हणून कोणा पाटीवाल्याने ल ला ल जोडला. जोडाक्षरापूर्वीचा इकार-उकार मराठी शब्दांत सामान्यतः ऱ्हस्व असतो, जसे किल्ला, मुक्काम, पुष्कळ. तेव्हा जोडाक्षर आले की स्वर आपोआप आखडला.

गंमत म्हणजे इंग्रजी लेखनही हीच युक्ती वापरते. हॉपला आयएनजी लावताना पी दुहेरी लिहितात, कारण एकेरी पी लिहिला तर तो शब्द होपचे रूप म्हणून ‘होपिंग’ वाचला जाईल. एका एनचा डायनर आणि दोन एनांचा डिनर, एका टीचा लेटर म्हणजे नंतर आणि दोन टींचा लॅटर म्हणजे दोहोंतला दुसरा, एका पीचा सूपर आणि दोन पींचा सपर या सगळ्यांमागे तेच तत्त्व आहे: दुहेरी व्यंजन आधीच्या स्वराला आखूड ठेवते. ‘हाऊसफुल्ल’ कळलेल्या मराठी मुलाला हा नियम घोकावा लागत नाही. पण आपली पुस्तके हा नियम मराठीशी कधी जोडूनच दाखवत नाहीत.

आता कान तयार करण्याचा प्रश्न. सिट आणि सीट यांत फक्त वेळेचा फरक आहे असे मानणे हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. सीट म्हणताना जीभ वर, पुढे आणि ताणलेली असते. सिट म्हणताना ती किंचित खाली आणि सैल असते, इतकी की तो स्वर आपल्या इ पेक्षा थोडा ए कडे झुकलेला ऐकू येतो. शिवाय इंग्रजीत पुढचे व्यंजन घोष (ग, ड, ब यांसारखे) आहे की अघोष (क, ट, प यांसारखे) यावरही स्वराची लांबी ठरते. बीट आणि बीड या दोन्ही शब्दांत तोच दीर्घ स्वर असतो, परंतु ट पुढे तो बराच आखडतो आणि ड पुढे पसरतो. परिणामी बीटमधला ‘दीर्घ’ स्वर कधी कधी बिडमधल्या ‘ऱ्हस्व’ स्वराएवढाच किंवा त्याहून आखूड निघतो. तरीही इंग्रज श्रोत्याची गल्लत होत नाही, कारण तो लांबीबरोबर स्वराचा रंगही ऐकतो. कोशकारांनाही ही गोष्ट चिन्हांत आणायला वेळ लागला. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ सालच्या इंग्रजी उच्चारकोशात या दोन स्वरांसाठी एकच अक्षर होते आणि दीर्घासाठी पुढे दोन टिंबे दिली जात. १९७७ साली गिमसन यांनी काढलेल्या चौदाव्या आवृत्तीत दोन स्वरांना दोन वेगळी अक्षरे मिळाली आणि दीर्घाची टिंबेही राहिली. आपण मात्र अजून फक्त टिंबांवर, म्हणजे वेलांटीवर, विसंबून आहोत.

ए आणि ओ यांच्या बाबतीत वेलांटीचाही आधार नाही. मराठीत ए एकच आहे, त्यामुळे लिहिण्याचे पेन आणि दुखण्याचे पेन आपण एकाच तऱ्हेने लिहितो आणि एकाच तऱ्हेने बोलतो. वेट म्हणजे ओला की थांबणे, सेल म्हणजे विकणे की विक्री, टेस्ट म्हणजे चाचणी की चव, पेपर म्हणजे मिरी की वर्तमानपत्र, हे देवनागरीत लिहिलेल्या शब्दावरून कळत नाही. इंग्रजीच्या ब्रिटिश प्रमाण उच्चारात एकूण वीस स्वर मोजतात: सात ऱ्हस्व, पाच दीर्घ आणि आठ संयुक्त. ॲ आणि ऑ यांना आपण वर्णमालेत स्थान दिले, राज्य शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालाविषयक निर्णयात ती अधिकृतपणे आली, आणि त्यामुळे बॅट-बेट, कॉट-कोट असे कितीतरी फरक आपल्या मुलांना अमराठी मुलांपेक्षा लवकर साधतात. ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे. पण पेन-पेन या जोडीसाठी आपल्याकडे चिन्ह नाही, हे कबूल करूनच शिकवायला हवे.

या ठिकाणी आमच्या सीमाभागातील मुलांना एक आयता फायदा मिळतो, त्याची नोंद मुद्दाम करतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांची स्वतंत्र अक्षरे आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो: आखूड ओ घेऊन ‘कोडु’ म्हटले तर ‘दे’ आणि लांब ओ घेऊन म्हटले तर ‘शिंग’. मिरज, जत, अक्कलकोट या बाजूला ज्यांच्या घरी कन्नड बोलली जाते, त्या मुलांना दोन पेनांतला फरक सांगितल्याबरोबर ऐकू येतो. दीर्घ कन्नड ए हा सरकणारा नसतो, हे खरे. पण दोन प्रकारचे ए असू शकतात ही कल्पनाच त्यांना नवी नसते. वर्गात अशी मुले असतील तर त्यांना उभे करून त्यांच्या तोंडून ही जोडी सर्वांना ऐकवावी. घरची कन्नड शाळेत अडचण म्हणून मोजली जाते, तिचा असा उपयोग मी स्वतः करून पाहिला आहे.

इतर ठिकाणच्या मुलांसाठी हनुवटीचा उपाय आहे. हनुवटीखाली बोट धरून लिहिण्याचे पेन म्हणावे: स्वर चालू असेपर्यंत जबडा जागेवर राहतो. मग दुखण्याचे पेन सावकाश, ‘पेइन’ असे म्हणावे: स्वर संपता संपता जबडा वर येतो. होप, कोट, बोट म्हणताना शेवटी ओठ गोल होऊन पुढे येतात, हॉप आणि कॉट म्हणताना असे सरकणे होत नाही. हे आरशात दिसते, म्हणजे ज्या मुलाचा कान अजून तयार नाही त्याला डोळ्यांची मदत मिळते. कान तयार झाला की अक्षरांकडे वळावे, आधी नव्हे.

अक्षरांचे नियम सांगताना अपवादांना घाबरण्याचे कारण नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांना कारण असते. हॅव, गिव्ह, लिव्ह, लव्ह यांच्या शेवटी ई असूनही स्वर आखूड आहे. कारण इंग्रजी शब्दाच्या शेवटी नुसता व्ही ठेवण्याची रीत नव्हती आणि तिथला ई केवळ व्हीला टेकू म्हणून आला. ब्रेड आणि हेड यांतला स्वर पूर्वी दीर्घ होता, तो उच्चारात आखडला, लेखन तसेच राहिले. दुहेरी ओ असलेल्या फूड, गुड आणि ब्लड यांचीही तीच कथा आहे: पहिल्यात दीर्घत्व टिकले, दुसऱ्यात ते उशिरा गेले, तिसऱ्यात लवकर गेले आणि स्वर पुढे अ पर्यंत उतरला. लांब शब्दांत मूळ स्वर आखडतो, म्हणून नेशनपासून नॅशनल, सेनपासून सॅनिटी, नेचरपासून नॅचरल. या शेवटच्या गटातले निम्मे शब्द मुलांनी रस्त्यावरच्या पाट्यांवर आधीच पाहिलेले असतात.

मॅजिक ईचा नियम शिकवताना मराठी वर्गात ‘मग पुण्याच्या स्पेलिंगमधल्या शेवटच्या ईचे काय?’ हा प्रश्न हमखास येतो, तो हसण्यावारी नेऊ नये. १९७८ साली पुण्याचे रोमन लेखन बदलले. जुन्या लेखनातल्या दुहेरी ओमुळे उकार उगाच लांबत होता, हे बरोबर. पण नवे लेखन ट्यून आणि जून यांच्या शेजारी ठेवले तर शहराचा ‘प्यून’ होतो. काळे, माने, साने, राणे आणि गोरे या मंडळींची आडनावे परदेशात केल, मेन, सेन, रेन आणि गोर अशी का पुकारली जातात, याचे उत्तरही त्याच मुक्या ई मध्ये आहे. मुलांना एवढेच सांगावे, की रोमन लिपीत लिहिलेले मराठी नाव हा इंग्रजी शब्द नाही आणि त्याला इंग्रजीचा नियम लागत नाही. विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला ते सांगणारा कोणी नसतो, हा भाग वेगळा.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत छापले जातात आणि खेड्यापाड्यांतील अनेक शिक्षक तेच कात्रण वर्गात वापरतात, म्हणून आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. बातम्यांमध्ये बिल, मीटिंग, चीज हे शब्द आपण आपल्या शैलीप्रमाणे हवे तसे लिहावेत. परंतु जेथे उच्चार शिकवण्याचा उद्देश आहे तेथे सिट आणि सीट, फिलिंग आणि फीलिंग यांच्या वेलांट्या मूळ इंग्रजी उच्चाराप्रमाणेच तपासून छापाव्यात. दोन ए आणि दोन ओ यांतला फरक ‘पेन’ आणि ‘पेइन’, ‘कॉट’ आणि ‘कोउट’ अशा लेखनाने दाखवावा. आणि फोनिक्समधल्या लाँग व्हॉवेलला दीर्घ स्वर असे न म्हणता, अक्षराच्या नावाचा स्वर असे म्हणावे. शब्द थोडा लांबतो, पण त्यामुळे सी-ए-पी-ई चा ‘काप’ होणार नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
मिरज